‘गेली’ म्हणजे कशाने गेली?

घरातील एखादे विजेचे यंत्र बंद पडले की ते दुरुस्तीस जाते, आणि दोन दिवसांनी निकाल कळतो, ‘‘आय. सी. गेली होती, बदलली.’’ एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. पैसे चुकते होतात, यंत्र घरी येते, आणि पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी तीच आय. सी. पुन्हा ‘जाते’. आपल्या वडोदऱ्यात हा निकाल निरनिराळ्या भाषांतून ऐकावयास मिळतो. गुजराती कारागीर ‘ऊडी गई’ म्हणतो, मराठी गृहस्थ ‘गेली’ म्हणतात, आणि आमच्या घरच्या कोंकणीत ‘पाड जालें’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. कोणी उडाली म्हणो, कोणी गेली म्हणो. कशाने, हे सांगण्याची जबाबदारी यांपैकी एकही वाक्य घेत नाही. ‘मेला’ आणि ‘मारला’ या दोहोंत जे अंतर आहे, तेच येथे आहे, आणि ते अंतर दाखवून देणे हे भाषाशिक्षकाचे कामच असल्यामुळे या परक्या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जो भाग जळाला तोच दोषी, असे धरून चालण्याची सवय आपणा सर्वांस लागली आहे. वस्तुतः जळालेला भाग हा पुष्कळ वेळा बळी असतो आणि अपराधी शेजारीच सुखरूप उभा असतो. त्यास हुडकून काढण्याची रीत शाळेत शिकविता येते व ती शिकविलीच पाहिजे. त्यासाठी विद्युत्फलकावरील ‘स्विचिंग रेग्युलेटर’ हा एक लहानसा विभाग आम्ही उदाहरणादाखल घेतो. हल्ली तो नाही असे घर क्वचितच सापडेल.

प्रथम त्याचे काम काय ते पाहू. बाहेरून 12 व्होल्टचा पुरवठा येतो. आतल्या नाजूक भागांस 5 किंवा 3.3 व्होल्टच लागतात. जुन्या पद्धतीचा 7805 हा रेग्युलेटर वरचे व्होल्ट सरळ उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. प्रवाह 1 अँपिअर धरला, तर 5 वॅट कामी येतात आणि 7 वॅट वाया जातात. म्हणजे उपयोगापेक्षा नासाडीच अधिक. स्विचिंग रेग्युलेटरची तऱ्हा निराळी. तो पुरवठा झटकन जोडतो, झटकन तोडतो, पुन्हा जोडतो. एल. एम. 2596 ही शिकण्यास सोयीची आय. सी. हे काम सेकंदास सुमारे दीड लाख वेळा करते. ज्यांनी विहिरीवरचा रहाट पाहिला असेल त्यांस ही गोष्ट चटकन उमगेल. गाडगी एकेक करून येतात आणि आपापला घोट ओततात, तरी पुढचा पाट एकसारखा वाहतो. कारण मध्ये पाणी साठविणारी डोणी असते. येथे त्या डोणीचे काम कॅपॅसिटर करतो. त्याच्या अलीकडे तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, असते. तिचा स्वभाव जात्यासारखा. एकदा गती मिळाली की हात काढला तरी जात्याची पाळ थोडा वेळ फिरतच राहते, त्याप्रमाणे पुरवठा तुटला तरी कॉइल प्रवाह चालू ठेवू पाहते. आणि त्या क्षणी त्यास परतीची वाट मिळावी म्हणून एक डायोड बसविलेला असतो.

राहता राहिला पहारेकरी. निघालेल्या व्होल्टेजचा एक ठराविक हिस्सा दोन रोधकांच्या साहाय्याने काढून आय. सी.च्या एका पायाशी परत आणतात. त्यास फीडबॅक म्हणतात. एल. एम. 2596च्या जुळवून घेता येण्याजोग्या प्रकारात हा हिस्सा 1.23 व्होल्ट असला पाहिजे, एवढेच त्या आय. सी.ला ठाऊक असते. कमी भरला तर ती पुरवठा अधिक वेळ जोडून ठेवते, जास्त भरला तर कमी वेळ. बाहेर 5 व्होल्ट निघतात की 9, याची तिला कल्पनाही नसते. तिला जे सांगितले जाते त्यावर ती विश्वास ठेवते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात वाय-फायचे यंत्र वारंवार बंद पडू लागले. दिवा लागे, पण घरातील तीन-चार फोन जोडले गेले की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. प्रथम अ‍ॅडॉप्टर बदलण्यात आला. काही दिवसांनी यंत्र पुरतेच थंडावले. तेव्हा आतली रेग्युलेटरची आय. सी. बदलण्यात आली. अडीच महिन्यांनी ती गेली. दुसरी बसविली, तीही गेली. घरातील मंडळींनी ‘हल्लीचा माल असाच’ असा निष्कर्ष काढला आणि नवे यंत्र घेण्याचे ठरले. तेवढ्यात त्यांच्या दहावीतील मुलाने हट्टाने ते यंत्र दांडिया बाजाराच्या बाजूस बसणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेले. आम्हीही कुतूहलाने सोबत गेलो.

त्या गृहस्थांनी प्रथम डाख देण्याची कावी हातात घेतलीच नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. त्यांनी फलक उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिला आणि हुंगला. कोठे काळे पडले आहे का, कॅपॅसिटरचे डोके फुगले आहे का, हे पाहिले. सर्व ठीकठाक दिसले. मग पुरवठा न जोडताच निघणाऱ्या बाजूचा रोध मोजला. कारण पुढे कोठे शॉर्ट असेल, तर आय. सी. नवी बसविणे म्हणजे नव्या बैलास त्याच रुतलेल्या गाडीला जुंपणे होय. तेथेही दोष नव्हता. मग नवी आय. सी. बसवून, यंत्राचा भार बाजूस काढून त्याऐवजी 5 ओहमचा जाड रोधक जोडला. 5 व्होल्टवर तो बरोबर 1 अँपिअर ओढतो, म्हणजे भार किती याविषयी शंका उरत नाही. मीटर लावला: आवक 12च्या जवळपास, जावक 5. मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे सगळे बरोबर आहे!’’ ते म्हणाले, ‘‘मीटर सरासरी सांगतो रे. वर्गातल्या मुलांची सरासरी उंची बरोबर आली, म्हणून सगळ्यांना सदरे नीट बसतात का?’’

हे उत्तर आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांस आम्ही सांगितले तेव्हा तेही खूष झाले. खरोखर, साधा मल्टिमीटर सेकंदास लाखो वेळा होणाऱ्या चढउतारांना बहिराच असतो. ते पाहण्यास ऑसिलोस्कोप लागतो. त्या कारागिरांकडे एक जुना होता. त्याची सुई त्यांनी जावक बाजूस लावली नाही, आवक बाजूस, आय. सी.च्या अगदी पायाशी लावली. पडद्यावर सरळ रेघ दिसावयास हवी होती. तेथे करवतीचे दात दिसत होते, आणि प्रत्येक दाताच्या टोकाशी एक उंच काटा. मग त्यांनी खोक्यातून एक चांगला कॅपॅसिटर काढला आणि आवक बाजूच्या जुन्या कॅपॅसिटरच्या जोडीस नुसता टेकवून धरला. दात एकदम बोथट झाले आणि काटे जवळजवळ नाहीसे झाले.

निदान झाले. आवक बाजूचा कॅपॅसिटर आतून सुकला होता. या प्रकारच्या रेग्युलेटरमध्ये आवक बाजूसच प्रवाहाचे धक्के अधिक बसतात. गाडगे एकदम भरावयाचे तर पाणी हाताशीच हवे, ते लांबच्या अ‍ॅडॉप्टरमधून तारेवाटे वेळेवर पोहोचत नाही. कॅपॅसिटर निकामी झाल्यावर तो सारा ताण आय. सी.वर येत होता. भार वाढला की व्होल्टेज क्षणभर कोसळे आणि यंत्र पुन्हा सुरू होई; आणि त्या काट्यांचे घाव सोसून सोसून आय. सी. अखेर मरत असे. दोनदा बळी बदलला गेला. मारेकरी, दिसावयास अगदी गुटगुटीत, अर्ध्या इंचावर उभा होता. त्यास बदलण्याचा खर्च चहाच्या दोन पेल्यांहून अधिक आला नाही.

पण खरी मौज पुढेच आहे. कॅपॅसिटर बदलून यंत्र हाती देताना त्या गृहस्थांनी विचारले, ‘‘हे घरात ठेवता कुठे?’’ ते यंत्र वरच्या मजल्यावर, कपाटाच्या डोक्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली हातभर अंतरावर ठेवलेले असे. आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर भरतकामाचा सुरेख रुमाल घातलेला असे. आय. सी. कशाने गेली? कॅपॅसिटरने. कॅपॅसिटर कशाने गेला? उष्णतेने. उष्णता कशाने साठली? रुमालाने. ‘आय. सी. गेली’ या तीन शब्दांच्या निकालात या रुमालास कोठेच जागा नव्हती.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी ते वहीत करून पाहावे. अशा कॅपॅसिटरच्या अंगावर बहुधा 105 अंश असे छापलेले असते. त्याचा अर्थ तो तेथवर निर्धास्त आहे असा नव्हे. त्या तापमानात त्याचे आयुष्य ठराविक तासांचे आहे असा त्याचा अर्थ. साधारण प्रतीच्या मालास ते 2000 तासांचे असते. तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, असा कारागिरांचा आणि कारखानदारांचाही ठोकताळा आहे. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा 42-43 अंशांवर जाणे ही नित्याची गोष्ट. त्यात स्लॅबची धग, यंत्राची स्वतःची उष्णता आणि वर रुमाल. कॅपॅसिटरजवळ 75 अंश धरले तर 2000ची आठपट, म्हणजे 16,000 तास होतात. अहोरात्र चालणाऱ्या यंत्रास हे दोन वर्षेही पुरत नाहीत. तेच यंत्र खाली, भिंतीवर, मोकळ्या हवेत ठेवून तापमान 55 अंशांवर आणले, तर 64,000 तास, म्हणजे सात वर्षांहून अधिक. वर्षभर उन्हाळा नसतो, तेव्हा हा हिशेब ढोबळ आहे हे उघडच आहे. पण कपाटावरून टेबलावर उतरण्याची किंमत पाच वर्षे आहे, हे त्यातून कळण्यास हरकत नाही.

कधी कधी दोष घराचा नसून मालाचाच असतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत जगभर संगणकांच्या फलकांवरील कॅपॅसिटर अकाली फुगून फुटू लागले होते. त्यांतील द्रावणाची कृतीच सदोष होती, आत वायू साचत असे. त्या काळी नुसते डोके फुगलेले कॅपॅसिटर पाहूनच निदान करता येई. पण ठरीव औषधाची सवय लागली की वैद्याची नाडीपरीक्षा सुटते. आमच्या हकीकतीतील कॅपॅसिटर यत्किंचितही फुगला नव्हता, आणि म्हणूनच दोन वेळा सुटला.

आता त्या पहारेकऱ्याकडे, फीडबॅककडे, वळू. येथे तर दोष शोधणे हा निव्वळ तर्कशास्त्राचा पाठ होतो. समजा, बाहेर व्होल्टेज कमी निघत आहे. फीडबॅकचा पाय मोजा. तेथे 1.23 व्होल्ट पूर्ण असतील, तर आय. सी. आपले काम चोख करीत आहे. तिला हिशेब खोटा मिळत आहे, तेव्हा दोन रोधक तपासावेत. तेथेही व्होल्टेज कमी असेल, तर आय. सी.ला कमतरता कळली आहे पण तिला ती भरून काढता येत नाही. मग आवक अपुरी आहे का, भार अतोनात आहे का, कॉइल किंवा डायोड बिघडला आहे का, हे पाहावे. सर्वांत घातक प्रकार वरचा रोधक तुटण्याचा. त्या वेळी फीडबॅकच्या पायाशी शून्य पोहोचते. ‘बाहेर काहीच निघत नाही’ असा समज होऊन आय. सी. पुरवठा जवळजवळ अखंड जोडून ठेवते, आणि 5 व्होल्टवर जगणाऱ्या भागांवर 12च्या आसपास व्होल्ट येऊन आदळतात. तांदळाच्या दाण्याहून लहान रोधक तुटतो आणि सारा फलक जळतो. आणि निकाल काय, तर ‘बोर्ड गेला’!

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुरात आपल्या गावातील कितीतरी घरांतून पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर यंत्रे उन्हात वाळविली गेली, आणि त्यांतील काही सुरूही झाली. मात्र त्यांचे वागणे लहरी होते. गाळाचा पातळ थर ओलावा धरून ठेवतो आणि त्यातून वीज झिरपते. वीज वाचविण्यासाठी फीडबॅकला लाखभर ओहमचे रोधक जेथे वापरलेले असतात, तेथे असे झिरपणे हिशेब चुकविण्यास पुरेसे होते. दमट दिवशी एक व्होल्टेज, कोरड्या दिवशी दुसरे. अशा फलकावर एकही भाग बदलण्याची गरज नसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश घेऊन तो स्वच्छ धुतला, पूर्ण वाळविला, की पुष्कळदा तो शहाण्यासारखा वागू लागतो. त्या दिवसांत भंगारवाल्यांच्या हातगाड्या भरभरून जात होत्या. त्यांतील किती फलकांना केवळ स्नानाची आवश्यकता होती, हा विचार आम्हांस आजही अस्वस्थ करतो. नवे यंत्र घेणे ज्यांस परवडते त्यांचे एक असो. पण ज्या घरी पुराने आधीच गाद्या, धान्य आणि पुस्तके नेली होती, तेथे हा भुर्दंड लहान नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्तही आहे. तयार रेग्युलेटरचा तुकडा बाजारात स्वस्त मिळतो; कारागिराचा अर्धा दिवस त्याहून महाग. मग शोधत बसावे कशाला? धंद्याच्या दृष्टीने कित्येकदा बदलणेच शहाणपणाचे, हे आम्ही मान्य करतो, आणि त्याबद्दल कारागिरांस दोष देत नाही. गिऱ्हाईकच शोधाचे पैसे देत नाही, वस्तूचे देते. 2022 साली केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण हक्क मिळाला तरी दोष हुडकणारी दृष्टी शासनाच्या पोर्टलवर मिळत नाही. ती तयार करण्यास जेथे अर्ध्या दिवसाची किंमत पैशांत करावी लागत नाही अशी एकच जागा आहे, आणि ती शाळा.

पालक विचारतील, परीक्षेत याला गुण किती? एकही नाही. पण विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्ही मुलांस ओहमचा नियम सिद्ध करावयास लावतो. तो नियम सिद्ध होणार हे मुलास आधीच ठाऊक असते, आणि न झाल्यास तो शेजाऱ्याचे आकडे उतरवून घेतो. बिघडलेल्या फलकाचे उत्तर मात्र शेजाऱ्याच्या वहीत नसते, शिक्षकाजवळही नसते. भाषेच्या वर्गात आमचेही असेच चालते. मुलाने ‘तिने पुस्तक वाचली’ असे लिहिले की आम्ही लाल शाईने ‘वाचले’ करतो. त्याने ‘वाचली’ का लिहिले, हे विचारीत नाही. कदाचित दुसरी भाषा कानावर पडून पुस्तकाचे लिंग त्याच्या मनात डळमळीत झाले असेल, कदाचित त्याने क्रियापद कर्त्याशी जुळविले असेल. दोन्ही रोगांवर औषधे निराळी आहेत.

आपल्या गावास हा विचार नवा नाही. 1890 साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी येथे कलाभवन स्थापिले आणि प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा दिली. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम इत्यादी विद्या देशी भाषांतून शिकविता आल्या पाहिजेत, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे 1949 साली विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रविज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत चालू राहिली. हातास काळे लागू देण्यात कमीपणा मानू नये, ही गोष्ट या गावाने इतरांच्या आधी ओळखली होती. मग तिच्याच शाळांतून स्क्रू-ड्रायव्हर हा केवळ शिपाईमामांच्या हातात का असावा, हे आम्हांस कळत नाही.

एक सूचना मात्र निक्षून केली पाहिजे. मुलांनी हात घालावयाचा तो 12 व्होल्टच्या फलकालाच. भिंतीतील प्लगला जोडणारा अ‍ॅडॉप्टर कोणीही उघडू नये. 230 व्होल्टचा पुरवठा आत सरळ केल्यावर त्याच्या कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट चढतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तेथेच दबा धरून असतात. ज्या कारागिराचा वर उल्लेख आला, तेही असे काम करताना एक हात खिशात ठेवतात.

आमची मागणी फार मोठी नाही. आठवड्यातून एक तास, आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी, एक टेबल. घरोघरी पडलेले मृत फलक आणावेत. प्रत्येक फलकास एक पान: काय दिसले, काय मोजले, त्यावरून काय वाटले, पुढे काय निघाले. पहिले तीन रकाने भरल्यावाचून कावी तापवावयाची नाही. 5 ओहमचे जाड रोधक, डाख, ब्रश आणि अल्कोहोलची बाटली एवढे साहित्य स्नेहसंमेलनाच्या शिलकीतून येऊ शकेल. ऑसिलोस्कोप तूर्त नाही. महिन्यातून एकदा मुलांस तो दाखवावा, अशी विनंती अभियांत्रिकी विद्याशाखेतील आपल्या माजी विद्यार्थ्यांस करता येईल. टेबलासाठी प्रयोगशाळेतील उत्तरेकडील खिडकीखालची जागा मोकळी आहे. मल्टिमीटर दोन आहेत. त्यांपैकी एकाची बॅटरी बदलावी लागेल.